शीडमासो

"आबा, उजवो पाय उचला. आजून वर. हां, आता टेका."

माझा चुलतभाऊ उल्हास गुडघाभर पाण्यात उभा राहून आबांना होडीत चढवत होता. आबा म्हणजे माझे वडील, लवू खवणेकर. ज्या माणसानं पन्नास वर्षं निवतीच्या या किनाऱ्यावरून होड्या लोटल्या, त्याला आज पाय कुठं ठेवायचा ते दुसऱ्यानं सांगावं लागत होतं. मी आधीच आत बसले होते, चपला मांडीवर घेऊन. आबा फळीवर टेकले, त्यांनी बाहेर हात काढून पाण्यात बुडवला, बोटं जिभेला लावली आणि म्हणाले, "धुका इतक्यात जावचा नाय."

धुकं होतंच. डिसेंबरातली सकाळ, साडेसात वाजले असतील. समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं, ते कळत नव्हतं. पाणी इतकं निवांत होतं की होडी तरंगते आहे की कुणी वरून टांगून ठेवली आहे, असा प्रश्न पडावा.

आठवड्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांच्या काचबिंदूबद्दल हात टेकले होते. उजेड आणि अंधार कळतो तेवढी नजर उरली होती, आणि तीही शिमग्यापर्यंत टिकली तर नशीब. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एकच मागणं केलं, "एकदा खडकार जावया." खडक म्हणजे निवती रॉक. किनाऱ्यापासून लांब समुद्रात उभी असलेली ती दोन-चार बेटं आणि त्यांच्यातल्या एकावरचं दीपगृह. उल्हास पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो. तो म्हणाला, रविवारी या, दोनच माणसं आहेत. मी कुडाळहून आले, तिथं पोस्टात नोकरीला होते.

खरं सांगायचं तर मी आबांसाठी आले नव्हते, माझ्यासाठी आले होते. एकवीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या तोंडून एक वाक्य वदवून घेतलं होतं. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. त्यांची नजर पुरती जायच्या आत. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. नजरेचा आणि वाक्याचा संबंध काय? पण मनाला वाटायचं, अंधार झाला की ते वाक्यही आतच राहील, कायमचं.

होडीतले दोन पाहुणे सोलापूरचे होते. हत्तुरे नवराबायको. हत्तुरे गुरुजी नुकतेच निवृत्त झालेले, गळ्यात कॅमेरा. बाईंनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा कालच पाहिला होता. त्यांनी लाइफ जॅकेट साडीवरून घालून वर पदर घेतला होता आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून त्या पुटपुटत होत्या. इंजिन सुरू झालं तसं त्यांनी मला विचारलं, "काही होत नाही ना हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "आमचे आबा आहेत ना."

त्यांनी आबांच्या पांढुरक्या डोळ्यांकडे पाहिलं आणि परत पुटपुटायला सुरुवात केली.

आता त्या वाक्याची गोष्ट सांगायला हवी. मी आठ वर्षांची असताना आबा एकदा खडकाच्या पलीकडे जाळं टाकायला एकटेच गेले होते. दुपारी परत आले ते मासे न घेताच. होडी वाळूवर ओढायचं भान नाही, तसेच धावत वर आले आणि जाळी विणत बसलेल्या माणसांना म्हणाले, "मासो बघलंय. काळो. पाठीर शीड, माणसाएवढा उभा. डोळ्यामागे पांढरो टिळो."

देवमासा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण पाठीवर शीड असलेला मासा? सगळे आबांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग सख्या मेस्तानं, आबांच्याच वयाचा, जाळ्यातली सुई न थांबवता विचारलं, "लवू, शीड होता, टिळो होतो. बाशिंग नव्हता बांधलेला?"

झालं. त्या दिवसापासून आबा गावात 'शीडमासो' झाले. आई शीडमाशाची बायको आणि मी शीडमाशाचं चेडू. शाळेत पोरं माझ्या पाठीला वहीचा पुठ्ठा लावून वर्गभर हसायची. आबा मात्र गोष्ट बदलायला तयार नव्हते. कुणी विचारलं की तीच सांगायचे, तेवढीच सांगायचे, एक शब्द जास्त नाही. आई चिडायची, "तुमची गोष्ट म्हणजे शेपूट नसलेलो मासो. सुरू होता आणि मधीच सपता." आबा हसायचे. त्यांची ती सवयच होती. पहिला मिळालेला मासा पाण्यात परत सोडायचा, मग बाकीचे टोपलीत. गोष्टीचंही तसंच, काहीतरी हातचं राखल्यासारखी सांगायचे.

मला त्या शिडानं फार छळलं. पुढं शिकले, नोकरी लागली, आणि कुडाळच्या एका घरून मला बघायला यायचं ठरलं. स्थळ चांगलं होतं. मुलगा मला आवडला होता. पण मध्यस्थ बाईंनी हसत हसत कानावर घातलं होतं की मुलाच्या काकांनी गावात चौकशी केली आहे, 'ते शीडमाशाचं घर ना?' म्हणून. पाहुणे ओटीवर चहा पीत होते तेव्हा मी आबांना स्वयंपाकघरात बोलावलं. मी म्हटलं, "आबा, त्येंनी विचारल्यानी तर थाप मारलेली म्हणान सांगा. माझ्यासाठी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या पायांकडे पाहत होते. मग बाहेर गेले. काकांनी विचारलंच. आणि आबा म्हणाले, "थाप मारलेलंय मी. पोरांका हसवूक."

सगळे हसले, आबाही हसले. लग्न ठरलं. माणसं चांगली निघाली, संसार चांगला झाला, तक्रारीला जागा नाही. फक्त त्या दिवसानंतर आबांनी मला समुद्राची एकही गोष्ट सांगितली नाही. माहेरी गेले की तब्येत विचारायचे, पोस्टातली गर्दी विचारायचे. समुद्राचं नाव नाही. बापानं आपल्याशी समुद्राचं बोलणं बंद करावं, हे कोळणीच्या जातीला किती लागतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

होडी अर्धा तास चालली असेल. धुक्यातून गादे आले. डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. आधी एक काळी पाठ, मग दुसरी, मग होडीच्या दोन्ही बाजूंनी दहा-बारा. वर येत होते, पुन्हा आत जात होते, घाई कसलीच नाही. एक पिल्लू आईच्या कुशीला लागून पोहत होतं. आई वर आली की ते वर, आई खाली गेली की ते खाली. बाईंचं पुटपुटणं थांबलं. त्यांच्या हातांनी फळी कधी सोडली ते त्यांनाही कळलं नसावं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आमच्या नातीला दाखवायला हवं होतं हो."

गुरुजी मात्र हैराण झाले होते. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत गादा खाली जायचा. "पुन्हा पाणीच आलं!" ते दर वेळी म्हणायचे. छत्तीस फोटोंचा रोल होता, आणि मला खात्री आहे की सोलापुरात तो धुऊन आला तेव्हा त्यात छत्तीस प्रकारचं पाणी निघालं असणार.

आबा मान कलती करून ऐकत होते. प्रत्येक फुसकाऱ्याबरोबर त्यांचा अंगठा मांडीवर हलायचा. "बारा," ते हळूच म्हणाले. "एक पिल्लू आसा."

मी मोजले. बारा होते. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला कुणापासून तोंड फिरवावं ते कळेना, कारण ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना दिसतच नव्हतं.

गुरुजींनी उल्हासला विचारलं, "इथं याहून मोठं काही दिसतं का हो? देवमासा वगैरे?"

उल्हासला गप्प बसवत नाही. "दिसता मा! आमच्या आबांनी तर शीडवालो मासो बघलेलो. विचारा त्यांका."

मी डोळ्यांनी त्याला दटावलं, पण उशीर झाला होता. गुरुजी उत्साहानं आबांकडे वळले. "खरंच आजोबा?"

आबांनी पाण्यातून हात वर घेतला, लुंगीला पुसला. "नाय हो," ते म्हणाले. "थाप मारलेलंय मी. पोरांका हसवूक."

तेच वाक्य, तोच सूर. एकवीस वर्षांत त्यातला एक शब्दही झिजला नव्हता. गुरुजी हसले, उल्हास हसला. मी तोंड उघडलं होतं. 'ती थाप नव्हती, मी बोलायला लावलं होतं' असं म्हणायचं होतं. पण म्हणून काय उपयोग? मला तरी कुठं खात्री होती? हेच तर माझं खरं दुखणं होतं. पोस्टात आयुष्य गेलेली बाई मी. शिक्का असल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. बापाला खोटं बोलायला लावल्याची लाज होती, पण बाप खरं बोलत होता यावर माझा विश्वास होता का? सांगायला नको, पण नव्हता. माफी मागायची तर कशाची मागणार?

खडक धुक्यातून हळूहळू वर आले. आधी दीपगृहाचा माथा, मग खालचा काळा कातळ. कातळाच्या गुहांमधून पाकोळ्या बाहेर पडत होत्या, शेकडो, चिवचिवाट करत धुक्यात शिरत होत्या आणि पुन्हा आत येत होत्या. उल्हासनं इंजिन बंद केलं. ते थांबल्यावर पाकोळ्यांचा आवाज आणि कातळाला लागणाऱ्या पाण्याचा आवाज एवढंच उरलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, पण आता भीतीनं नाही. होडी आपली आपण फिरत होती, अगदी सावकाश, आणि खडक आपल्याभोवती फिरताहेत असं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळ हातात असून मी ते पाहिलं नाही.

"कासव!" उल्हास पुढून कुजबुजला. "डाव्या अंगाक. भलामोठा आसा."

गुरुजी आणि बाई दोघंही डाव्या कडेला गेले तशी होडी कलली. उल्हास म्हणाला, "ताय, तू आणि आबा उजव्या अंगाक बसा. तोल सांभाळूक होयो." मी आबांचा हात धरून त्यांना उजवीकडे बसवलं आणि त्यांच्याशेजारी बसले. पाठीमागे तिघांचं कौतुक चाललं होतं, कासवाचं डोकं, कासवाचे डोळे. आमच्यासमोर नुसतं धुकं आणि राखाडी पाणी.

तेव्हा मला जाणवलं की गादे नाहीत. मघापासून होडीच्या मागं मागं होते, ते गेले होते. पाकोळ्याही गप्प झाल्या होत्या, की मलाच ऐकू येत नव्हत्या, माहीत नाही.

मग एक श्वास ऐकू आला. गाद्याचा असतो तसा छोटा फुसकारा नव्हे. लांब, खोल, जड काम करून एखादा माणूस टेकतो तेव्हाचा. आबांचा हात माझ्या हातात होता. तो ताठ झाला.

धुक्याच्या कडेला पाणी फुगलं आणि त्यातून शीड वर आलं. काळं, ओलं, सरळ उभं. वर येतच राहिलं. मला वाटलं आता थांबेल, पण आणखी वर आलं, माझ्या उंचीएवढं झालं. मग त्याच्याखालची पाठ आली, मग डोकं, आणि डोळ्यामागं तो पांढरा टिळा, इतका स्वच्छ की कुणी आत्ताच लावला असावा. त्याच्यामागं दुसरं एक होतं, त्याचं शीड बुटकं होतं. दोघं होडीकडे वळले नाहीत, आमच्याकडे त्यांचं काही कामच नव्हतं. ज्या वाटेनं जात होते त्या वाटेनं गेले. शीड खाली गेलं, पाणी जुळलं, आणि पुन्हा राखाडी.

भीती वाटली नाही. एवढं मात्र आठवतं की मी आठ वर्षांची झाले होते आणि वर्गात माझ्या पाठीला पुठ्ठा लावणारी सगळी पोरं कुठंतरी लांब हसत होती, आणि मला त्यांचं काही वाटत नव्हतं.

"शीडमासो," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. "उल्हास, शीडमासो! दोन!"

तिघं वळले. होडी डगमगली. "खय? खय?" उल्हास उभा राहून बघत होता. पाण्यावर एक गुळगुळीत गोल डाग होता, तोही विरत चालला होता.

"लाट असेल, ताई," गुरुजी समजुतीनं म्हणाले. "धुक्यात असे भास होतात."

उल्हासनं माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, कीव होती. त्याला वाटलं त्याला सगळं कळलं. "बरा हा, ताय," तो म्हणाला आणि इंजिनाकडे गेला.



परतीच्या वाटेवर इंजिनाच्या आवाजात आम्ही दोघं मागच्या फळीवर बसलो होतो. मग आबा माझ्या कानाशी वाकले. "बाय, माझ्यासाठी खोटा बोला नको."

"आबा, मी खोटा बोलत नाय."

"तेव्हा मी तुझ्यासाठी बोललंय. आज तू माझ्यासाठी बोललंस. फिटला. आता पुरे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला मोकळं करत होते, आणि त्यानंच माझा जीव कासावीस झाला.

"तुमी श्वास आयकलात नाय? तुमचो हात..."

"आयकलंय. पण म्हाताऱ्याचो कान आपणाक होया तोच आवाज आयकता."

"आबा, शपथ. काळो होतो. पाठीर शीड, माझ्याएवढा. डोळ्यामागे पांढरो टिळो."

आबा हसले, अगदी मायेनं. "ह्या सगळा तर मीच सांगलेला आसा, गो."

खरंच होतं. मी जे जे सांगणार होते ते पस्तीस वर्षं सगळ्या गावाला पाठ होतं. शीड, टिळा, काळा रंग. मी पाहिलेलं माझं असं काही नव्हतंच, सगळं त्यांच्याकडूनच उसनं घेतल्यासारखं. आणि विश्वास न ठेवणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, कारण आता ते माझ्यावर आलं होतं. बाप समोर बसलेला, मी खरं बोलते आहे, आणि तो प्रेमानं मान डोलावतो आहे. यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी डोळे मिटले आणि ते पुन्हा बघायचा प्रयत्न केला. आबांना पटवायला नव्हे, माझं मलाच धरून ठेवायला. आणि जे दिसत होतं ते तोंडातून येत गेलं, कुणाला सांगावं असं नाही, आपलं नुसतं. "शीड वर इला. पाणी खाली गळी होता. मगे पाठ इली. शिडाच्या मागे, पाठीर, भस्म फासल्यासारख्या राखाडी कायतरी होता. बोटांनी ओढल्यासारख्या. मगे..."

"काय म्हटलंस?"

मी डोळे उघडले. आबांनी माझं मनगट धरलं होतं.

"काय होता शिडाच्या मागे?"

"भस्म, आबा. म्हंजे, राखेचो पट्टो. काळ्यार राखाडी."

आबांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना दिसत नव्हतं हे खरं, पण बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले, "ता मी कोणाक सांगूक नाय. तुझ्या आवशीकय नाय."

"कित्याक?"

"पयलो मासो आपण दर्याक परत देतो मा? तसाच बघलेल्याचाय आसता. सगळा सांगूचा नाय. एक खूण राखूची. माका माझ्या बापाशीन सांगलेला. दर्यान दाखवलेला सगळा वाटून टाकला तर आपल्याकडे काय रवात? आणि..." त्यांनी माझं मनगट आणखी घट्ट धरलं. "आणि दुसरो कोण बघून इलो तर ओळखूचा कशान? राखलेल्या खुणेन. पस्तीस वर्सां राखलंय. कोण येवक नाय."

"मी इलंय, आबा," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. किनारा येईपर्यंत सोडलं नाही. मध्येच विचारलं, "दोन होते म्हणालंस?" मी म्हटलं दोन. "माका एकटोच दिसलेलो," ते म्हणाले. "बरा झाला. कोणतरी मिळाला तेका."

मग मी माफी मागितली. त्या स्वयंपाकघराची, त्या वाक्याची, आणि त्याहून जास्त, मनातून कधीच विश्वास न ठेवल्याची. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "तू लहान होतंस," एवढंच म्हणाले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पण ते मी बोलले नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा धुकं विरलं होतं. ऊन पडलं होतं. सख्या मेस्त तिथंच माडाखाली जाळं घेऊन बसलेला. आता त्याचीही पाठ वाकली होती, पण सुई तशीच चालत होती. हत्तुरे बाई पाण्यात उतरताना दोन्ही हातांनी समुद्राला नमस्कार करत होत्या. सख्यानं उल्हासला विचारलं, "काय गावला पावण्यांका?"

"गादे. कासव एक," उल्हास म्हणाला आणि पुढं बोलायचं टाळून दोर बांधू लागला.

मी वाळूवर उतरले. साडी गुडघ्यापर्यंत ओली. माझे नातेवाईक, माझ्या सासरच्यांचे ओळखीचे, सगळ्यांच्या कानावर हे आजच्या आज जाणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "सख्याकाका, शीडमासो बघलंय मी. दोन."

सुई थांबली. मग सख्याकाका असा हसला की त्याला खोकला लागला. "शाबास! बापाशीचा चेडू शोभतंस! बाशिंग होता काय गो तेका?"

मागून आबा उतरत होते, उल्हासच्या खांद्यावर हात ठेवून. ते थांबले, आवाजाच्या रोखानं वळले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बाशिंग नव्हता रे, सख्या. मी नीट बघलेलंय."

आणि मग आबाही हसले. सख्याकाका हसत होता, आबा हसत होते, आणि त्या दोन हसण्यांमध्ये उभी राहून मी लहान मुलीसारखी रडत होते. हत्तुरे गुरुजींना काही कळेना. त्यांनी शेवटचा फोटो आमचा काढला. तो तरी नीट आला असेल.

आबा त्यानंतर तीन वर्षं जगले. नजर शिमग्याच्या आधीच गेली. मी दर रविवारी जायचे आणि ते मला समुद्राच्या गोष्टी सांगायचे, एकवीस वर्षांच्या थकलेल्या सगळ्या. एका संध्याकाळी मी पेज भरवत असताना त्यांनी मध्येच विचारलं, "बाय, त्या दिसाची तू सगळी गजाल माका सांगलंस काय?"

मी चमचा खाली ठेवला. "नाय, आबा. एक राखलंय."

"बरा केलंस," ते म्हणाले आणि तोंड उघडलं.

आता मी निवृत्त झाले आहे, आणि ही गोष्ट ज्याला त्याला सांगते. भस्माची खूण जुळली तेव्हाच ती मोकळी झाली, म्हणून तीही सांगते. शेजारचे, पोस्टातले, उल्हासच्या होडीतले पाहुणे, कुणी हसतं, कुणी समजुतीनं मान डोलावतं, हल्ली कुणी मोबाइलमध्ये तसल्या माशाचा फोटो काढून 'हा का काकू?' म्हणून विचारतं. मी सगळ्यांना चहा देते. पण वाट बघते ती एकाच माणसाची. तो ऐकता ऐकता मला मध्येच अडवील आणि म्हणेल, "आणि काकू, ते...?"

आणि ते मी त्याला सांगितलेलंच नसेल.